टेम्पोत निजून आलेली फटफटी

मु. सावरटेंभी, ता. वणी, जि. यवतमाळ

प्रिय सुमेध,

तुझ्या आजीचा जय भीम. हे अक्षर माझं नाही, हे तुला पाहताक्षणीच कळलं असेल. माझं अक्षर आजवर कुणी पाहिलेलं नाही, मीसुद्धा नाही. लिहून राहिल्या आहेत अंगणवाडीच्या विमलताई. पोरं खिचडी खाऊन घरी गेली, मदतनीस बाई पातेलं घेऊन हापशीवर गेली, आणि मी त्या पोरांच्या एवढ्याशा खुर्चीवर बसले आहे. उठेन तेव्हा खुर्चीही माझ्यासोबत उठेल असं दिसतं. विमलताईंची एक खोड सांगते. मी 'काहून' म्हटलं की त्या 'का' लिहितात, 'मले' म्हटलं की 'मला' लिहितात. मी म्हटलं, ताई, पोराला वाटेल आजी पुण्याला राहून आली. त्या म्हणतात, पत्र म्हटलं की शुद्ध लिहावं लागतं. लिहा बाई. पण तुझ्या काकाचं बोलणं जिथं येईल तिथं ते तसंच लिहा, त्याला साबण लावू नका, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. म्हणजे वाचताना तुला त्याचा आवाज येईल. बरेच दिवस झाले तू तो ऐकला नाहीस.

तू म्हणशील, घरात मोबाईल असताना बुढीला पत्राचं काय सुचलं. कारण आहे, पण ते मागून सांगते. आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस. तुझा बाप असाच होता, ताटातला गूळ आधी खाऊन उठायचा आणि मग दुपारभर भूक लागली म्हणून माझ्यामागं फिरायचा.

घरचं म्हणशील तर सगळे आहेत तिथंच आहेत. तुझी आई वेचणीला जाते. यंदाही बोंडात अळी आहेच. बाहेरून बोंड बघितलं तर नवरीसारखं, आणि फोडलं की आत काळं. जया सकाळी कापूस वेचायची ओटी बांधून निघते आणि संध्याकाळी येते ती ओटीपेक्षा हलकी होऊन येते. मी तिला म्हणते, सुनबाई, थोडं खात जा, नाहीतर एक दिवस वारा आला की तुला दुसऱ्याच्या वावरातून शोधून आणावं लागेल. ती हसते. तेवढं हसते हे बरं आहे. तू मागच्या खेपेला पाठवलेलं स्वेटर तिला ढगळ होतं, म्हणून मी घालते. मला अंगात बरोबर बसतं. विमलताई म्हणतात, हेही लिहू का? लिहा.

आता खरी बातमी. तुझ्या बापाची फटफटी तुझ्या काकानं पुन्हा जुळवली.

तू गेलास तेव्हा ती उकिरड्याच्या बाजूला, कडुलिंबाखाली उभी होती, आठवतं ना? कुणी तिच्याकडं पाहत नव्हतं. टेम्पोतून उतरवली, चार माणसांनी ढकलली आणि जिथं थांबली तिथं ठेवली. पावसानं साखळीला गंज चढला, टायर बसले, आणि आपल्या काळ्या कोंबडीनं सीट फाडून आत अंडी घालायला सुरुवात केली. मी रोज सकाळी सीटखाली हात घालून अंडी काढायची आणि मनात म्हणायची, उकंडा, तुझी राजदूत फटफटी आता अंडी देते रे. कोंबडीला मात्र हाकलत नव्हते. त्या गाडीवर कुणीतरी ऊब धरून बसलं आहे, तेवढंच बरं वाटायचं.

तुझ्या बापाचं नाव उकंडा का ठेवलं हे मी तुला कधी सांगितलं नाही वाटतं. त्याच्या आधीची माझी दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा हा झाला, तर माझ्या सासूनं, म्हणजे तुझ्या पणजीनं, त्याला बाराव्या दिवशी उचललं आणि नेऊन उकिरड्यावर लोळवलं. म्हणाली, मरण दारात आलं तर त्याला वाटू दे की हे कचऱ्यातलं आहे, घेण्यासारखं नाही. घरात दीक्षा घेतलेली होती, भिंतीवर फोटो होते, असले प्रकार करायचे नाहीत हे तिला कळत होतं. पण नातू मांडीवर असला की म्हातारीला काय कळतं आणि काय नाही, हे मला आता समजतं. त्यामुळं नाव पडलं उकंडा. मागून राजदीप झाला तोवर धीर आला होता, म्हणून त्याचं नाव मास्तरांना विचारून झोकात ठेवलं. मोठा कचरा आणि धाकटा दिवा. आणि पुढं झालं काय, तर मरणानं कचऱ्यातला बरोबर निवडून नेला, आणि दिव्याच्या डोळ्यातला उजेड घेऊन गेलं.

त्या दिवसाचं तू सगळं ऐकलं आहेस, पण लोकांकडून ऐकलं आहेस. मी घरात होते, माझ्याकडूनही ऐक. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा खाली मारायचा तर तो आभाळाकडं मारावा लागत होता, आणि आभाळाकडं मारलेलं पुन्हा तोंडावरच येणार. आपल्याकडं विषाला औषध म्हणतात, त्यामुळं माणसाला भीतीही वाटत नाही. दुपारी राजदीप म्हणाला डोळे चुरचुरतात, घरी जाऊ. पण पिंपात औषध कालवलेलं होतं, आणि कालवलेलं औषध उद्यावर ठेवत नाहीत, नासतं. एवढे तास राबलो, तेवढं संपवून जाऊ, असं दोघांनी ठरवलं. आपल्याकडं कुणीही तेच ठरवलं असतं, बाबू. तुझ्या आजोबांनीही तेच केलं असतं, मीही. ओतून देऊ म्हणणारा माणूस ह्या गावात जन्मलेला नाही.

संपवून आले तेव्हा राजदीपला समोरचं दिसत नव्हतं. उकंडानं त्याला फटफटीवर मागं बसवलं, पडू नये म्हणून आपल्या शेल्यानं पाठीशी बांधलं, आणि वणीच्या रस्त्याला लागला. मला म्हणाला, चहा ठेव, आलोच. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं शेला सोडला, भावाला लोकांच्या हवाली केलं, गाडी नीट मोठ्या स्टँडवर लावली आणि तिच्या चाकाला टेकून बसला. लोकांना वाटलं, पेशंट आणून दमला असेल. आणणाराही आजारी असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? त्या दिवसांत फवारणीचे इतके जण येत होते की कुणी कुणाकडं बघायचं. मी कुणाला बोल लावत नाही. त्याला स्वतःलाही वाटलं असेल की दमलोय.

तर ती फटफटी टेम्पोत निजून आली. आणि वर्षभर उभी राहिली.

मग एक दिवस तुझा काका उठला, भिंत धरत धरत कडुलिंबापर्यंत गेला आणि गाडीवर हात फिरवत बसला. मला वाटलं, रडत असेल, म्हणून मी गेले नाही. थोड्या वेळानं हाक आली, "माय, पान्ह्याची पिशवी कोठी हाय?" त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो, समोर कुणी उभं राहिलं तर सावली हलल्यासारखी दिसते. लग्नासाठी मुली बघण्यात ह्यानं निम्मं आयुष्य घालवलं, ही सावळी, ती बुटकी. आता सगळ्या सारख्याच दिसतील म्हटलं, तर मलाच म्हणतो कसा, "आता पोरीनं मले पाहून नाही म्हनलं तर कमीत कमी मले दिसनार नाही." अशा बोलण्यावर हसायचं की काय करायचं, तूच सांग.

तो आधी वणीला गॅरेजात कामाला होता, त्यामुळं हातांना ओळख होती. पण उघडलेले नट-बोल्ट परत सापडायचे कसे? त्यानं काय केलं, अंगणात बारदान अंथरलं आणि कपाशी टोबतात तशा ओळी धरल्या. पहिली ओळ पुढच्या चाकाची, दुसरी इंजिनाची, तिसरी क्लचची. विताविताच्या अंतरावर एकेक नट, जिथून काढला त्या क्रमानं, जसं बी टाकत जावं तसं. आता मी आयुष्यभर दुसरं काय केलं आहे? मला एबीसीडी येत नाही की कखग येत नाही, पण टोबलेली ओळ मला झोपेतही वाचता येते. कोंबडी बारदानावरून गेली की तो विचारायचा, माय, खाडे पडले का, आणि मी बघून सांगायची, दुसऱ्या ओळीत एक खाडा आहे, थांब, त्या चोरटीनं तिकडं लोटला. पोरा, त्या दिवसांत मला इतकं बरं वाटायचं की लाज वाटते सांगायला. मी नट पुसून त्याच्या तळहातावर ठेवायची, तो बोटांनी चाचपून म्हणायचा, हा नाही, ह्याचा मोठा भाऊ दे. अंगणात पेट्रोलचा वास आणि माझ्या हाताला काळं. जया कामावरून आली की आम्हा दोघांकडं बघून म्हणायची, दोन्ही पोरं आज फार मळली.

सामान वणीहून सेवादास आणायचा. त्याला तू ओळखतोस, तांड्यावरचा, तुझ्या काकाच्या बरोबर गॅरेजात होता, आता स्वतःचा टेम्पो आहे. बाजाराच्या दिवशी यायचा, पिस्टनच्या रिंगा, क्लचच्या प्लेटा, काय काय देऊन चहा पिऊन जायचा. तो म्हणाला टाकीला नवा रंग मारू, आरशासारखी करून देतो. राजदीप नाही म्हणाला. टाकीच्या दोन्ही बाजूंना तुझ्या बापाचे गुडघे घासून रंग उडाला आहे ना, तिथं तो हात ठेवून बसतो. म्हणतो, "दादा कसा बसे, ते इथं लिव्हलं हाय." ते मला वाचता आलं बघ.

सायलेन्सर त्यानं सगळ्यात आधी साफ केला. गोवऱ्यांच्या जाळात टाकून आतली सगळी काजळी जाळली, काठीवर आपटून झटकली, फुंकर मारून आरपार हवा जाते का पाहिली आणि म्हणाला, हे झालं, आता ह्याच्याकडं परत बघायचं काम नाही. हे लक्षात ठेव.

गाडी निम्मी जुळली तेव्हापासून एक नवं सुरू झालं. चाकं बसली, हँडल बसलं, की संध्याकाळी तो स्टँडवर उभ्या गाडीवर चढून बसायचा आणि तोंडानं आवाज काढायचा. लहानपणी तू टाकीवर बसून काढायचास तसा. मी ओट्यावर तूर निवडत बसलेली. मला गंमत वाटली. मी विचारलं, स्वारी कुठं निघाली? म्हणाला, वणीले. आणि मग रस्ता सांगू लागला. आता नाला आला, आता चढ, आता चिंचा, इथं डाव्या बाजूनं खड्डा हाय, आता जिनिंगचा वास आला, आता कोळशाची धूळ दातात लागते, म्हंजे मोठा रोड. रोज तेच. एक दिवस मी थट्टेनं मागं जाऊन बसले, पदर खोचला आणि ओरडले, अरे ट्रक आला, बाजूला घे! त्यानं खरोखरच हँडल वळवलं. आणि म्हणाला, "माय, ट्रक मले तुह्या आधी ऐकू येते."

तेव्हा मला कळलं, ही थट्टा नाही. मी उतरले. त्याला विचारलं, हे काय चाललं आहे तुझं. तो शांतपणे म्हणाला, जसं उद्या बाजाराला जायचं आहे असं सांगावं तसा: "दादाची गाडी घरी आलीच नाही अजून. टेम्पोत निजवून आनली, थे काय येनं व्हय? त्या फाटकापासून घरापोतर तिच्या चाकानं आनतो मी. एकडाव. मंग उभी राहू दे." मी म्हटलं, अरे तुला दिसत नाही. तर म्हणतो, "तवा जातानी तरी कुठं दिसत होतं? दादाच्या पाठीले डोकं लावून सारा रस्ता मले पाठ झाला." सकाळी लवकर निघेन म्हणाला, तेव्हा ट्रक कमी असतात. तुला माहीत आहे तो रस्ता. खाणीतून भरून निघालेले ट्रक, मागं ताडपत्री फडफडते, डोळे असणारी माणसं पुढच्या ट्रकचा दिवा बघून बाजूला मातीत उतरतात. तिथं हा कान देऊन चालवणार. मी त्याला समजावलं, रडले, जेवण सोडलं एक दिवस, दुसऱ्या दिवशी मलाच भूक लागली. जयानं समजावलं. सेवादास म्हणाला, मी चालवतो, तू मागं बस. त्यालाही नाही म्हणाला. उकंडाच्या गाडीवर पुढं कोण बसणार, ते तो एकदाच बोलला, आणि पुन्हा बोलला नाही. तेही मागून सांगते.

मग गाडी पूर्ण झाली. दुपारची वेळ, जया त्या दिवशी घरीच होती, चुलीपाशी. राजदीपनं पेट्रोलची तोटी सोडली, किक मारली. एक, दोन, आणि लागली! तोच आवाज, पोरा. फट फट फट फट. गल्लीतला कुत्रा, तुझ्या बापाचा तो लंगडा मोत्या, जो वर्षभर कुणासाठी उठत नाही, तो शेपटी हलवत अंगणात आला. आणि जया आतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. रोज संध्याकाळी फटफटीचा आवाज आला की आणायची ना, हातपाय धुवायला, तसा. ओट्यापर्यंत आली आणि तिला कळलं. तेवढ्यात गाडी भुरभुर करून विझली. जया तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली, मग ते पाणी कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि आत गेली.

त्यानंतर रोज तेच. लागते, दोन श्वास घेते, घुसमटते, विझते. तुझ्या काकानं कार्बोरेटर उघडला, पुसला, परत बसवला. प्लग बदलला. पॉइंट घासले. टाकी रिकामी करून धुतली. बारदान पुन्हा अंथरलं, ओळी पुन्हा धरल्या. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आधी गाडीला शिव्या द्यायचा, ते बरं होतं. मग तेही सोडलं. परवा ओट्यावर बसून आपली बोटं एकमेकांवर घासत होता, मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "डोये गेले तवा वाटलं, हात तरी हायेत. आता हातंबी गेले, माय. गाडी बिघडली नाही, मीच बिघडलो." काल त्यानं सेवादासला निरोप धाडला की टेम्पो घेऊन ये आणि गाडी घेऊन जा, ज्याला सुटं सामान लागेल त्याला देऊन टाक. पुन्हा टेम्पोत, सुमेध. पुन्हा निजून. मी मागच्या दारानं सेवादासकडं दुसरा निरोप पाठवला की तुझा टेम्पो काही दिवस बिघडू दे. तो म्हणाला, बुढे, माझा चांगला चालू टेम्पो आहे, त्याला नजर नको लावू. पण आला नाही. गुणाचा आहे.

आता विमलताई माझ्याकडं बघून राहिल्या आहेत, कारण पुढचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लिहा ताई.

गाडीत काही बिघाड नाही. तुझ्या काकाच्या हातांत तर मुळीच नाही. ती लागणार हे मला त्याच्या आधी कळलं होतं, कारण बारदानावरच्या ओळी संपत आल्या होत्या. तो अंघोळीला मोरीत गेला होता. घरात अळीनं खाल्लेला कवडीचा कापूस पडला आहे, कुणी घेत नाही असा. त्यातला बोंडभर घेतला, हातावर वळला आणि पऱ्हाटीच्या काडीनं सायलेन्सरच्या नळीत ठोसत गेले. जितका जाईल तितका आत. वर पुन्हा थोडा. एवढंच केलं. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण नाकातोंडात कापूस घातला की काय होतं हे मला कळतं, मी दोन लेकरं पाठवली आहेत तसा कापूस घालून. आणि सायलेन्सर तर त्यानं स्वतः जाळून, फुंकून साफ केलेला, म्हणून सगळीकडं हात जातो, तिकडं जात नाही.

वाटलं होतं, दोन-चार दिवस खटपट करेल, कंटाळेल, गाडी उभी राहील आणि पोरगंही उभं राहील. हे असं होईल असं कुठं वाटलं होतं? मी एक वाचवायला गेले आणि दुसरंच मरू लागलं. मग म्हटलं, काढून टाकावा. तो झोपला असताना गेले. काडीनं ओढायला गेले तर कापूस आणखी आत गेला. जयाच्या केसाचा आकडा सरळ करून घातला, तो आतच तुटला. आता नळीत कापूसही आहे आणि आकडाही आहे, आणि जया दोन दिवस आकडा शोधते आहे. मी तिला म्हणते, कोंबडीनं नेला असेल. सगळ्याचा आळ कोंबडीवर घालता येत नाही, पण तेवढं तरी बरं आहे की ती बोलत नाही. आणि समज निघालाही असता कापूस, मग? गाडी लागली असती आणि सकाळी तो निघाला असता. घातला तर हा असा झिजतो, काढला तर रस्त्यावर जातो. मी अंगणात बसून नुसती बघत राहते. इतकी म्हातारी झाले, पण इतकी बिनकामाची कधी झाले नव्हते.

फोनवर हे का नाही सांगितलं, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. घर एवढंसं, फोन एक, आणि तुझ्या काकाचे कान असे की ट्रक माझ्या आधी ऐकतात. आणखी एक सांगते. तू रविवारी फोन करतोस. आईशी बोलतोस, माझ्याशी बोलतोस, मोत्या कसा आहे विचारतोस. काकाला दे, असं म्हणत नाहीस. रविवारी तो सकाळीच अंघोळ करून खाटेवर बसतो, हातात काहीतरी पुसायला घेतो, आणि फोन बंद होईपर्यंत तेच पुसत राहतो. तू म्हणशील, काकाला काही कळत नाही. तुझ्या बापाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू तुझ्या आईला म्हणाला होतास, बाबा काकाला पोचवायला गेले नसते तर वाचले असते, त्या फटफटीनं आणि काकानं माझा बाप नेला. राजदीप शेजारच्या खोलीत खाटेवर होता. तुला वाटलं, झोपला आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस झोपला आहे की जागा, हे कुणाला कळतं? तेव्हापासून तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तुझ्यावर रागही नाही. मला वाटतं, तू म्हणालास ते त्यानं खरंच धरलं आहे, आणि म्हणूनच ती गाडी घरी आणायची आहे. मी तुला रागावत नाही, बाबू. बाप गेलेल्या पोराच्या तोंडून काय निघेल त्याला धरबंद नसतो. पण तुझा बाप चूक करून गेला नाही. तो भावाला पोचवून गेला.

तर पत्र धाडायचं कारण हे. तो एकदाच बोलला होता, ते आता सांगते: "दादाच्या गाडीवर पुढं एक तर मी बशीन, नाही तं सुमेध." म्हणून तू ये. कामावर सुट्टी मागताना सांग, आजी फार आजारी आहे. खोटं नाही, माझे गुडघे साक्ष देतील. आल्यावर काही बोलू नकोस, माफी वगैरे मागत बसू नकोस, आपल्या घरात कुणाला ते जमत नाही. नुसता गाडीपाशी जा आणि म्हण, काका, काय झालं हिला, बघू. मग सायलेन्सर उघड, आणि माझं नाव सांगू नकोस, म्हण उंदरानं घर केलं होतं. केसाचा आकडा निघेल तोही उंदराच्याच माथी मार. मग पुढं तू बस आणि मागं त्याला बसव. तुझ्या बापाचा तो शेला जयानं धुऊन पेटीत ठेवला आहे, मी काढून ठेवते. त्यानं त्याला पाठीशी बांध, आणि त्या फाटकापर्यंत जाऊन गाडी तिच्या चाकानं घरी घेऊन या. उकंडा मला चहा ठेव म्हणून गेला होता, तो मी अजून गाळलेला नाही असं समज. सेवादासचा टेम्पो फार दिवस बिघडलेला राहणार नाही. तू नाही आलास तर पुढं काय, ते मला सुचत नाही, खरंच सुचत नाही. यंदाची वेचणी संपत आली, बाबू. नळीतला तेवढा एक बोंडभर कापूस वेचायचा राहिला आहे, आणि माझी बोटं तिथवर पोचत नाहीत.

वाट पाहणारी, तुझीच खोडकर बुढी,
(खाली काळं दिसतं तो माझा अंगठा. शाई लागली नाही, फटफटीचं तेल हाताला होतंच.)